कानात सांगितलेलं नाव

वाटूर फाट्यावर माझं दुकान होतं. आधी एसटीडी बूथ, मग झेरॉक्स, मग दोन कॉम्प्युटर टाकून इंटरनेट, आणि लोडशेडिंगनं कळस गाठला त्या वर्षांत मोबाइल चार्जिंग. गाव मला 'कॉम्प्युटरवाला धर्मराज' म्हणायचं आणि मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. डोक्यात फार हवा होती माझ्या. कुणी काही विचारायला आलं की मी आधी एक उसासा टाकायचो, मग उत्तर द्यायचो.

जयवंता आत्यापुढे मात्र उसासा टाकायची सोय नव्हती, कारण ती कधी काही विचारायचीच नाही. दुपारी यायची, बाकावर बसायची, माठातलं पाणी प्यायची आणि डोळे अर्धवट मिटून घ्यायची. झोपली म्हणावं तर ओठ हलत असायचे. दहा-वीस मिनिटांनी उठायची, पदर सारखा करायची आणि चालू लागायची. तिचं घर धनगरवाड्याच्या टोकाला होतं आणि माझं दुकान तिच्या वाटेत कुठेच येत नव्हतं. मी एकदा चिडून विचारलं, "आत्या, तुला घरी झोप येत न्हाई का?" तर म्हणाली, "घरी झोप येती रे. हितं सपन येतं."

सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. नवरा मेंढरं घेऊन परतूरच्या बाजूनं गोदावरीकाठी हिंडणारा होता. लग्नानंतर दहा-बारा वर्षं तीही त्याच्या मागे हिंडली. मग त्यानं दुसरी केली आणि ही एक गाठोडं घेऊन भावाच्या दारात आली. मूलबाळ झालं नाही, म्हणून टाकली, असं गाव म्हणायचं. तिनं कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. भावानं काही न विचारता घरात घेतली, हे त्याचं मोठेपण मानलं पाहिजे.

तिच्याकडे एक काम आपोआप आलं. भावकीतल्या पोरांची नावं ठेवायचं. आत्याच बाळाच्या कानात नाव सांगते हे सगळीकडेच असतं, पण जयवंता आत्याची तऱ्हा वेगळी होती. बारशाच्या आदल्या दुपारी ती बाळंतिणीच्या खोलीत बाळाशेजारी आडवी व्हायची. झोप लागली की नाव यायचं म्हणे. कधी लांब कुणीतरी मेंढरं हाकत चाललंय आणि त्या हाकेतून यायचं. कधी नदीच्या पाण्यात पाय सोडून बसलेली एखादी बाई मागे वळून सांगायची. उठल्यावर ती नाव कुणाला सांगायची नाही. दुसऱ्या दिवशी पाळण्यात वाकून थेट बाळाच्या कानात.

"बाळाला आधी कळू दे की," ती म्हणायची. "नाव त्येचं हाये. गावाला कव्हा बी सांगता येतंय."

नावाला ती फार जपायची. कुणाचं नाव कुणाला उगाच लावू द्यायची नाही. पोरं खेळताना एकमेकांना दुसऱ्याच्या नावानं हाका मारत, तेव्हा ती एरवी गप्प असणारी बाई काठी घेऊन उठायची. चुकीच्या नावानं हाक मारली तर ज्याचं नाव आहे त्याचं आयुष्य त्यातून झिरपतं, असं तिचं म्हणणं होतं. हे मला तेव्हा निव्वळ खुळ वाटायचं.

एक्क्याऐंशी साली तिच्या भावाला मुलगा झाला. त्याच्या आधीची तीन गेली होती. सगळ्यांत थोरला कारभारी तेवढा हाताशी लागला होता. म्हणून या मुलाचं नाव कडू ठेवायचं ठरलं, म्हणजे कुणाची नजर त्याच्यावर ठरणार नाही. बारशाला सगळ्यांसमोर 'कडूबा' म्हटलं गेलं. पण आत्या आदल्या दुपारी त्याच्याशेजारी झोपली होतीच, आणि तिला नाव आलं होतं. ते तिनं पाळण्यात वाकून त्याच्या कानात सांगितलं आणि तोंड मिटलं. भावानं बजावलं, ह्याचं लग्न होऊन पहिलं लेकरू खेळेपर्यंत हे नाव कुणाला कळता कामा नये. बापाला नाही, आईला नाही.

बारा वर्षांचा होऊन कडूबा जालन्याच्या वसतिगृहात निघाला त्या दिवशी आत्यानं त्याला गोठ्यामागे नेलं आणि तेच नाव पुन्हा एकदा त्याच्या कानात सांगितलं. पोरगा शहरात जाऊन हरवलाच, तर निदान त्याला स्वतःला माहीत असावं, एवढाच तिचा हिशेब.

पुढे आत्याचा भाऊ गेला, भावजय गेली. घर कारभारीच्या हातात आलं. कडूबा शिकून जालन्याला बियाण्याच्या एका कंपनीत लागला. शेतकऱ्यांच्या रानात कपाशीचे बियाण्याचे प्लॉट असतात, बायका सकाळी फुलांना हातानं पराग लावतात, त्यावर देखरेख करायची आणि रोजचा अहवाल पाठवायचा, हे त्याचं काम. प्लॉट आमच्याच भागात होते, म्हणून राहायला तो घरीच होता.

माझ्या दुकानात मेल बघायला येणारे तेव्हा पंधरा-वीस जण असतील. सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवलेले, आणि वही काउंटरवर दोरीनं बांधलेली. कुणी दारातूनच ओरडायचं, "धर्मराज, माझा पासवर्ड काय हाये रे?" आणि मी वही न बघता तिकडून ओरडून सांगायचो. निम्म्यांचा पासवर्ड पोराचं नाव, उरलेल्यांचा बैलाचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मला तर नाहीच नाही. गावात कुणाच्या घराला कुलूप असतं का?

कडूबा पहिल्यांदा आला तेव्हा मी वही पुढे ओढली आणि म्हटलं, "सांग, लिहून घेतो."

तो म्हणाला, "न्हाई भाऊ. ह्यो सांगायचा नसतो."

मला राग आला. म्हटलं, "मी काय तुझी पत्रं वाचत बसणार आहे?"

तो हसला. कडूबाचं हसू फार गोड होतं, नाव ठेवणाऱ्यांनी ते बघायला हवं होतं. "तुमच्यावर भरोसा न्हाई असं न्हाई. पर ह्यो पासवर्ड म्हंजे माझं नाव हाये. खरं. आत्यानं कानात सांगितलेलं. तिच्याबिगर अन् माझ्याबिगर दुनियेत कुणाला म्हाईत न्हाई. हाये का तुमच्या वहीत असलं कुलूप?"

नव्हतं. मी हसण्यावारी नेलं, पण मनात ते कुठेतरी खुपत राहिलं.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात कंपनीनं त्याला मेलवाला मोबाइल दिला. रानात उभ्या-उभ्या अहवाल येणार-जाणार. इथे फाट्यावर त्या फोनची केवढी नवलाई! पण त्यातलं मेलचं खोकं उघडायला प्रत्येक वेळी पासवर्ड लागायचा. तसं कडूबानंच लावून घेतलं होतं. कारण त्या खोक्यात आता निव्वळ कपाशी राहिली नव्हती.

ते सगळं मला पुढे कळलं, पण इथे क्रमानं सांगितलं पाहिजे. जांब समर्थच्या बाजूच्या प्लॉटवर बेबीनंदा नावाची एक बाई काम बघायची. बारावी झालेली, तिशीच्या आत विधवा झालेली, पदरी गोदा नावाची सहा वर्षांची मुलगी. कंपनीच्या तिथल्या कॉम्प्युटरवरून ती रोज कडूबाला अहवाल पाठवायची. इतक्या ओळी झाल्या, इतकी फुलं झाली. मग एके दिवशी अहवालाखाली एक ओळ आली, आज रानात इतकं धुकं होतं की बायका एकमेकींना आवाजानं शोधत होत्या. कडूबानं ती ओळ किती वेळा वाचली असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी त्यानं उलट विचारलं, मग सापडल्या का सगळ्या? असं सुरू झालं. समोरासमोर भेटले की दोघं फक्त कपाशीचं बोलायचे.

लग्न करायचं ठरलं तेव्हा अडचण गोदाची होती. बेबीनंदाच्या सासऱ्यानं स्पष्ट सांगून ठेवलं होतं, दुसरं घर केलंस तर नात आमची, तिचं तोंड दिसणार नाही. माणूस बोलल्यासारखं करणारा होता. म्हणून दोघांनी गुपचूप ठरवलं. सोमवारी जालन्यात नोंदणी. त्याच्या आधी, शुक्रवारीच, गोदाला एका ओळखीच्या बाईकडे नेऊन ठेवायचं, आणि सगळं झालं की तिघांनी उघडपणे सासऱ्यासमोर जायचं. बाईचं नाव, पत्ता, वेळ, सगळं त्या मेलमध्ये होतं.

कडूबानं हे एकाच माणसाला सांगितलं. एका संध्याकाळी मेंढवाड्याच्या कडेला बसून, आत्याला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरीचं नाव काय?"

"गोदा."

"बदलू नका," आत्या म्हणाली. "तिचं हाये ते."

आता माझं पाप सांगतो. त्याच सुमारास कारभारी दुकानात आला होता. कारभारी वाईट माणूस नव्हता, तापट होता आणि शब्दाला चिकटणारा होता. त्यानं कडूबासाठी एका ठिकाणी शब्द देऊन टाकला होता आणि कडूबा रोज टाळत होता. वरून कुठल्या विधवेचं नाव त्याच्या कानावर आलं होतं. तो बाकावर बसून धुसफुसत म्हणाला, "फोनला कुलूप लावून हिंडून राह्यला. घरच्यापून काय लपवायचं असतंय रं?"

आणि मी, माझी अक्कल पाजळायला, म्हणालो, "मला माहितीये कुलूप कसलं आहे ते. आत्यानं कानात सांगितलेलं नाव आहे." एवढं बोलून मी हसलो. कारभारी हसला नाही.

ऑक्टोबर हीटचा शनिवार होता. दुपारी सगळा फाटा पेंगत होता. वीज नव्हती. माझ्या फळीवर बॅटरीला जोडलेले तीसेक मोबाइल ओळीनं पडले होते आणि त्यांचे हिरवे-लाल दिवे मंद मिचमिचत होते. मला स्वतःला डुलकी लागली होती. कडूबा सकाळी प्लॉटवर जाताना आपला मोबाइल चार्जिंगला ठेवून गेला होता, संध्याकाळी नेतो म्हणाला होता.

"ह्यो आमच्या कडूबाचा न्हाई का?" कारभारी फळीसमोर उभा होता. "दे इकडं."

आणि मी दिला! भावाचा फोन भावाला द्यायला कुणाला विचारायचं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. कडूबाला कशाला, मी देवालासुद्धा विचारलं नसतं. फोन हातात घेतल्या-घेतल्या थरथरला. मेल आला होता. मेलचं खोकं बंद होतं, पण पडद्यावर पाठवणाऱ्याचं नाव उमटलं आणि पत्राची सुरुवात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. कारभारीनं सातवीपर्यंतच्या शिक्षणाच्या जोरावर एकेक अक्षर लावून वाचलं.

"बेबीनंदा. सोमवारी गोदाला घेऊन..."

पुढे तीन टिंबं होती.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कुठं? कुठं घेऊन?" त्यानं फोन काउंटरवर आपटला. "उघड, धर्मराज. ह्या बाईचा सासरा मला चांगला म्हाईत हाये. त्यो कालपून नातीला हुडकून राह्यला. जागा कळू दे, आज सांजच्याला पोरगी त्येच्या ताब्यात जाती. मंग बघू कोण कुणासंगं लगीन लावतंय."

म्हणजे काय होणार, ते मला स्वच्छ कळलं होतं. तरी खरं सांगतो, त्या क्षणी मला ना त्या बाईचं काही वाटलं, ना त्या पोरीचं. मला ते कुलूप उघडून बघायचं होतं. चार महिने ते मला खुपत होतं.

म्हणालो, "नाव लागेल."

कारभारी गाडी काढून गेला आणि आत्याला मागे बसवून घेऊन आला. ती नेहमीच्या बाकावर बसली. पाणी मागितलं नाही.

"आत्या," कारभारी म्हणाला, "कडूबाचं कानातलं नाव सांग."

"कामून?"

"कामाचं हाये."

"त्येला लेकरू हुईपस्तोर सांगायचं न्हाई, तुझ्या बापानं सांगितलेलं हाये."

"बाप मेला. आता घर माझं हाये." तो खाली वाकून तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत होता. "नाव बिलकुल सांगायचं नसलं तं उद्यापून तुझी चूल येगळी. अन् जागा बी येगळी बघ."

आत्या कितीतरी वेळ त्या फोनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ती नेहमीसारखी डोळे मिटणार आणि झोपी जाणार. तिनं खरंच डोळे मिटले. बाहेरून एक ट्रक गेला, त्याची धूळ उन्हात तरंगत आत आली, आणि त्या धुळीत बसून तिनं हळू आवाजात एक नाव सांगितलं.

"लिंबाजी."

"लिंबाजी," मी मोठ्यानं म्हणत एकेक अक्षर दाबलं. त्या फोनवर एका अक्षरासाठी तीन-तीनदा बटण दाबावं लागायचं. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली. मी वाचून दाखवली, "चूक." आणि माझं ज्ञान दाखवायला पुढे जोडलं, "पाच वेळा चुकलं की चोवीस तास बंद पडतं हे. आता चार राहिले."

आत्यानं मांडीवरच्या हाताची करंगळी मुडपली. हे मी बघितलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

"नीट आठव," कारभारी म्हणाला. "जल्दी."

"म्हातारी झाले रे. लई नावं ठिवली." तिनं पुन्हा डोळे मिटले. "सखाहरी."

"सखाहरी," मी म्हटलं. "चूक."

दुसरं बोट मुडपलं गेलं. तिचा आवाज आता लांबून, पाण्यावरून आल्यासारखा येत होता. चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट कुणीतरी ओळखीचं दिसावं तसा तो सैल पडत चालला होता.

"म्हाळसा."

कारभारी उसळला. "पोरीचं नाव? कडूबाचं?"

"नदर लागू नये म्हणून पोराला पोरीचं ठिवत्यात," आत्या डोळे न उघडता म्हणाली. ते खरंच होतं, ठेवतात.

"म्हाळसा," मी म्हटलं. "चूक."

"आनंदा."

"आनंदा." मला घाम फुटला होता. "चूक. आता एकच."

चार बोटं मुडपलेली आणि अंगठा तेवढा उभा, असा तिचा हात मांडीवर पडला होता. ती बोलेना. कारभारी म्हणाला, "बोल." ती बोलेना. तो पुन्हा ओरडला. तिनं डोळे उघडले आणि ओठ हलवले, पण आवाज निघाला नाही. रामकिसन म्हण, भुजंग म्हण, काहीही म्हण, एक नाव तर हवंय, असं मी मनातल्या मनात ओरडलो, आणि ओरडल्यावर मला कळलं की मी तिच्या बाजूला गेलोय. ती मुद्दाम चुकवत होती. आणि कुठल्यातरी कारणानं तिच्याजवळची नावं संपली होती. तोंडात आता एकच उरलं होतं, खरं.

ती माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत त्या बाईनं माझ्याकडे पाण्याशिवाय काही मागितलं नव्हतं.

मी उसासा टाकला. माझा तो नेहमीचा, दीडशहाण्याचा उसासा. "अरे, माझंच चुकलं," मी म्हणालो. "पहिलं अक्षर मोठं टाकायचं असतं यात! आत्यानं बरोबरच सांगितलं असेल. थांब, दुसरं नाव मोठ्या अक्षरानं टाकून बघतो." कारभारी काही म्हणायच्या आत मी बटणं दाबायला लागलो. काय दाबली मला माहीत नाही. पडद्यावर लाल ओळ आली आणि मेलचं खोकं बंद झालं.

"आता?" कारभारी म्हणाला.

"आता उद्या दुपारपर्यंत साक्षात कंपनीचा मालक आला तरी उघडणार नाही."

त्यानं मला आईवरून एक शिवी दिली, फोन खिशात घातला आणि गाडीला किक मारून गेला. आत्याला तिथंच सोडून. ती उठली, पदर सारखा केला आणि घराकडे चालू लागली. मी दुकानाला कुलूप लावलं आणि मोटारसायकल काढून जांब समर्थच्या रस्त्याला लागलो.

कडूबा कपाशीच्या ओळींत उभा होता. मी सगळं सांगितलं. कारभारीला नावाचं कुणी सांगितलं तेही, फोन कुणी दिला तेही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुमच्यापशी फोन ठिवला, ती माझी चूक भाऊ." ते मला अजून झोंबतं. त्याच संध्याकाळी तो आणि बेबीनंदा गोदाला घेऊन ठरल्यापेक्षा आधीच निघाले, आणि दुसऱ्या जागी राहिले. रविवारी दुपारी मेल पुन्हा सुरू झाला तशी कडूबानं जालन्यातल्या एका कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलून टाकला. सोमवारी दुपारपर्यंत कारभारी तो फोन घेऊन माझ्या दारात दोनदा आला आणि हात हलवत परत गेला. सोमवारीच तिकडे नोंदणी झाली. सासरा चार माणसं घेऊन आला, आरडाओरडा झाला, पण गोदा आईच्या कडेवर होती आणि समोर लोक होते. तो तसाच परत गेला.

इकडे कारभारीनं बोलल्याप्रमाणे आत्याची चूल गोठ्याशेजारी वेगळी मांडली. त्याची बायको नंदाबाई पदराआडून भाकरी नेऊन द्यायची. आत्यानं तक्रार केली नाही. दुपारी मात्र ती दुकानात यायची बंद झाली. मी वही जाळली, फळीवरच्या प्रत्येक फोनला चिठ्ठी बांधली आणि ज्याचा त्यालाच द्यायला लागलो. लोक चिडायचे, म्हणायचे, लई शहाणा झाला. आणि रोज दुपारी मी त्या रिकाम्या बाकाकडे बघत बसायचो.

तीन आठवड्यांनी कडूबा आत्याला न्यायला आला. जालन्यात दोन खोल्या घेतल्या होत्या, गोदाला सांभाळायला कुणी हवं होतं, आणि मुख्य म्हणजे त्याला आत्या हवी होती. एसटीला वेळ होता. तो टपरीवर चहा सांगायला गेला आणि आत्या गाठोडं पायाशी ठेवून तिच्या बाकावर बसली.

मी पाणी दिलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "आत्या, कडूबाचं खरं नाव तुला आठवत होतं ना?"

"आठवत हुतं की."

"मग पाचवं कुठलंही सांगून टाकायचंस. गावात काय नावं कमी आहेत? तिथं माझा जीव जायची वेळ आली होती."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती पोरांवर काठी उगारायची तेव्हा असंच बघायची. "जित्या माणसाचं नाव दुसऱ्याला कसं लावू? त्येचं कमी-जास्त झालं मंग?"

"आणि ती चार? ती कुणाची होती?"

तिनं पेला दोन्ही हातांत धरला. फाट्यावर ऊन उतरायला लागलं होतं. लांब कुणीतरी मेंढरं वळवत होतं.

"माझ्या लेकरांची," ती म्हणाली. "नदीकाठी झालती. रानात, पालात. हितं कुणालाच म्हाईत न्हाई. बारशापस्तोर एक बी राह्यलं न्हाई. पर नावं आल्ती मला सपनात. चौघांची बी. लिंबाजी आधी. म्हाळसा मातर दोन दिवस जगली." तिनं पेला खाली ठेवला. "त्येंला आता कमी-जास्त काय हुयाचंय? म्हनून त्येंची सांगितली."

प्रत्येक नाव मी मोठ्यानं म्हटलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडावर म्हटलं होतं, चूक.

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिनं माझा खांदा धरून मला वर बसवलं.

"रडू नको. तू म्हनत हुतास नं बटणं दाबताना, तव्हा लई बरं वाटलं बघ. माझ्याबिगर कुणाच्या तोंडून कव्हा ऐकली नव्हती." एसटी लांबून येताना दिसत होती, कडूबा चहा तसाच टाकून पळत येत होता. आत्या माझ्याकडे सरकून बसली. "येकडाव अजून म्हण. पर मागून ते चूक म्हणू नको."

मी तिच्या कानाशी वाकलो. लिंबाजी, म्हटलं, आणि थांबलो. सखाहरी. थांबलो. म्हाळसा. आनंदा. तिनं डोळे मिटून घेतले होते, आणि गाडी येऊन उभी राहिली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी ती ते उघडेना. ओठ मात्र हलत होते.